विश्लेषण : त्वचेवरच्या लाल डागांवर ‘लेझर प्लस क्रीम’... ही जोडी कुठे चालते, कुठे फसते?

गालावर कायमची लाली, नाकाशेजारी दिसणाऱ्या बारीक लाल रेषा, बाळाच्या कपाळावरचा जांभळट डाग. यापैकी काहीही मोबाइलवर शोधले की थोड्याच वेळात रील्समधून क्लिनिकच्या जाहिराती दिसू लागतात. लेझरच्या चार-सहा सिटिंग, सोबत घरी लावायचे क्रीम, पैसे एकरकमी भरल्यास सवलत. लेझर आणि मलम एकत्र वापरण्यामागे खरे विज्ञान आहे, ते कोणी जाहिरातीसाठी रचलेले नाही. पण प्रत्येक लाल डागाला ही जोडी सारखीच लागू पडत नाही. काही विकारांत ती चांगली चालते. काहींत पुरावा अजून अर्धवट आहे. काहींत औषध आधी आणि लेझर नंतर, असा क्रम आहे. आणि आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या एका प्रकारात तर लाली मलमामुळेच आलेली असते. त्यामुळे पॅकेजच्या आधी निदान, हा आग्रह रुग्णाने धरायलाच हवा. शिवाय यातल्या काही विकारांना ‘सौंदर्याचा प्रश्न’ म्हणून बाजूला सारणे आपल्या आरोग्यव्यवस्थेनेही थांबवायला हवे.

लाल डाग म्हणजे नेमके कोणते विकार?

त्वचेतल्या रक्तवाहिन्यांशी संबंधित विकारांत तीन नावे वारंवार येतात. पहिले पोर्ट-वाइन स्टेन. ही जन्मतःच असलेली गुलाबी ते जांभळट खूण. साधारण हजारात तीन बाळांमध्ये ती आढळते. ती आपोआप जात नाही. वयासोबत गडद होते आणि काहींमध्ये जाड व गाठाळ होते. सोव्हिएत संघाचे नेते मिखाइल गोर्बाचेव्ह यांच्या कपाळावरचा डाग याच प्रकारचा होता.

दुसरे इन्फंटाइल हिमँजिओमा. ही रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ जन्माच्या वेळी बहुधा दिसत नाही, पहिल्या काही आठवड्यांत उगवते, झपाट्याने वाढते आणि पुढे काही वर्षांत आपोआप ओसरते. स्ट्रॉबेरीसारखी लालभडक आणि उंचवट्याची दिसते. मुलींमध्ये आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये ती जास्त आढळते.

तिसरे रोझेशिया. हा मोठ्यांचा विकार. ऊन, गरम चहा, तिखट जेवण किंवा मद्य यांनी चेहरा लालबुंद होतो. पुढे ही लाली टिकून राहते, बारीक केशवाहिन्या उघड्या दिसू लागतात, पुटकुळ्या येतात. सावळ्या त्वचेवर लाली पटकन कळत नाही, म्हणून रोझेशियाला मुरुम समजून वर्षानुवर्षे चुकीचे उपचार होतात.

तिन्ही डाग लालच दिसतात, पण त्यांची कारणे वेगळी, वय वेगळे आणि उपचारही वेगळे.

लेझर रक्तवाहिनीलाच कसा गाठतो?

उन्हात काळा आणि पांढरा असे दोन कपडे वाळत घातले, तर काळा आधी तापतो. ऊन दोन्हींवर सारखेच असते, शोषून घेण्याची क्षमता वेगळी असते. वैद्यकीय लेझरचे तत्त्व याच जातीचे आहे. अमेरिकेतील रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी १९८३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ते मांडले. योग्य तरंगलांबीचा प्रकाश योग्य तेवढाच वेळ सोडला, तर त्वचेतला हवा तोच घटक तापतो आणि आजूबाजूची त्वचा वाचते.

रक्तवाहिन्यांच्या बाबतीत हा घटक म्हणजे रक्तातले हिमोग्लोबिन. ते ५७७ नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळा प्रकाश चांगला शोषते. पल्स्ड डाय लेझर आधी ५८५ आणि नंतर ५९५ नॅनोमीटरवर आणला गेला, कारण थोड्या लांब तरंगलांबीचा प्रकाश त्वचेत अधिक खोल जातो. एक दशांश मिलिमीटर जाडीची वाहिनी काही मिलिसेकंदांतच थंड होते. म्हणून प्रकाशाचा झोत त्याहून कमी वेळ, म्हणजे साधारण अर्धा ते दीड मिलिसेकंद ठेवला जातो. उष्णता बाहेर पसरायच्या आत वाहिनीची भिंत भाजली जाते आणि ती बंद पडते. वरच्या त्वचेला भाजू नये म्हणून झोताच्या क्षणभर आधी थंड फवारा मारला जातो.

यापूर्वीच्या आर्गॉन लेझरमध्ये हे भान नव्हते. डाग फिका व्हायचा, पण व्रण उरायचे. आजही चुकीची तरंगलांबी किंवा चुकीचा वेळ निवडला, तर तेच घडू शकते. ‘लेझर केला’ एवढे सांगणे म्हणूनच अपुरे आहे. कोणता लेझर, हे महत्त्वाचे.

मग एकटा लेझर का पुरत नाही?

याची कारणे दोन. पहिले खोलीचे. पल्स्ड डाय लेझरचा परिणाम त्वचेत साधारण एक ते दीड मिलिमीटरपर्यंतच नीट होतो. त्याखालच्या वाहिन्या शाबूत राहतात. अगदी बारीक वाहिन्या झोत संपायच्या आत थंड होतात, म्हणून त्याही निसटतात. त्यामुळे पोर्ट-वाइन स्टेन बऱ्याच रुग्णांत फिका होतो, पण पूर्ण नाहीसा होणारे रुग्ण थोडेच असतात.

दुसरे कारण शरीराच्या दुरुस्तीच्या सवयीचे. वाहिनी भाजली गेली की त्या भागाला ऑक्सिजन कमी पडतो. शरीर त्याला जखम समजते आणि नवीन वाहिन्या उगवण्याचे संदेश सोडते. म्हणजे ज्या झोताने जुन्या वाहिन्या बंद केल्या, तोच नव्यांना आमंत्रण देतो. नेदरलँड्समधील रुग्णांचा सुमारे दहा वर्षांनी घेतलेला मागोवा २००७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात डाग उपचारापूर्वीपेक्षा फिका राहिला होता, पण शेवटच्या सिटिंगनंतर दिसत होता त्यापेक्षा पुन्हा गडद झाला होता.

रोझेशियात अडचण आणखी वेगळी. लेझर दिसणाऱ्या वाहिन्या बंद करतो, पण त्वचेतला दाह आणि चेहरा लाल होण्याची प्रवृत्ती त्याने संपत नाही. ती कायम राहिली, तर नव्या वाहिन्या उघड्या दिसू लागतात. इथेच मलमाची गरज निर्माण होते.

मलम नेमके कोणते काम करते?

या जोडीतली मलमे तीन वेगवेगळी कामे करतात, आणि ती एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत.

पहिले काम वाहिन्या तात्पुरत्या आकुंचित करण्याचे. रोझेशियाच्या लालीसाठी ब्रिमोनिडिन जेलला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्ये आणि ऑक्सिमेटाझोलिन क्रीमला २०१७ मध्ये मान्यता दिली. परिणाम काही तासांचा असतो. ऑक्सिमेटाझोलिन हाच घटक नाक मोकळे करणाऱ्या थेंबांमध्येही असतो. ते थेंब फार दिवस वापरले की नाक उलट अधिकच चोंदते, हा अनेकांचा अनुभव. ब्रिमोनिडिनबाबतही असे होते. काही रुग्णांत औषधाचा असर ओसरला की लाली आधीपेक्षा जास्त उसळते. म्हणून ही औषधे मनाने वापरू नयेत आणि नाकाचे थेंब तर चेहऱ्याला अजिबात चोळू नयेत.

दुसरे काम दाह कमी करण्याचे. मेट्रोनिडाझोल, अझेलिक अॅसिड आणि आयव्हरमेक्टिन ही मलमे पुटकुळ्या आणि सूज आटोक्यात आणतात. पण आधीच उघड्या पडलेल्या केशवाहिन्यांवर त्यांचा विशेष परिणाम होत नाही. ते काम लेझरचे.

तिसरे काम नव्या वाहिन्यांची वाढ रोखण्याचे. सिरोलिमस म्हणजेच रॅपामायसिन हे त्यासाठी वापरून पाहिलेले औषध. ईस्टर आयलंडच्या मातीतल्या जिवाणूपासून ते मिळाले आणि आजवर प्रामुख्याने मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या रुग्णांना दिले गेले.

रोझेशियात लेझर आणि मलम यांची विभागणी सरळ आहे. आकुंचन करणारे मलम पसरलेली लाली कमी करते, पण ठळक केशवाहिन्यांना स्वतःचा स्नायूचा थर जवळपास नसल्यामुळे त्या आकुंचित होत नाहीत. त्या लेझरने बंद करायच्या. दाहावर मलम चालू ठेवायचे. ऊन टाळायचे. छोट्या अभ्यासांत ही जोडी एकट्या उपचारापेक्षा सरस ठरली आहे. त्यामुळे रोझेशियात ‘लेझर प्लस क्रीम’ला आधार आहे, हे मान्य करायला हरकत नाही.

जन्मखुणेच्या बाबतीत पुरावा किती?

इथे सावध राहायला हवे. कल्पना कागदावर फार चांगली दिसते. लेझरने वाहिन्या बंद करा आणि रॅपामायसिनच्या मलमाने नव्या उगवू देऊ नका. काही अभ्यासांत फायदा दिसलाही. पण काही नियंत्रित चाचण्यांत लेझरला मलमाची जोड देऊन डाग अधिक फिका झाला नाही. इमिक्विमोड या मलमाची जोड दिल्यावर काही रुग्णांत सुधारणा दिसली, पण त्याने त्वचा चिडते आणि फायदाही मर्यादित.

अमेरिकेत २०२२ मध्ये सिरोलिमसच्या जेलला मान्यता मिळाली, हे जाहिरातीत सांगितले जाऊ शकते. ती मान्यता ट्युबरस स्क्लेरोसिस या आजारातल्या चेहऱ्यावरच्या गाठींसाठी आहे, पोर्ट-वाइन स्टेनसाठी नाही. डॉक्टरांनी मान्यतेबाहेरच्या कारणासाठी औषध देणे गैर नाही, वैद्यकात ते नेहमीच घडते. मात्र रुग्णाला ‘हा प्रयोग आहे, हमी नाही’ हे स्पष्ट सांगायला हवे. प्रयोगाची किंमत खात्रीच्या उपचारासारखी लावणे हा अन्याय आहे.

आणखी एक गोष्ट पॅकेजच्या गर्दीत हरवते. कपाळावर किंवा वरच्या पापणीवर पोर्ट-वाइन स्टेन असलेल्या काही बाळांना स्टर्ज-वेबर सिंड्रोम असू शकतो. त्यात काचबिंदू आणि फिट येण्याचा धोका असतो. अशा बाळाचे डोळे तपासणे आणि बालमेंदूविकारतज्ज्ञांचा सल्ला घेणे हे लेझरच्या कितीतरी आधीचे काम आहे. जिथे पहिल्याच भेटीत डोळ्यांचा विषय निघत नाही आणि थेट हप्त्यांचा निघतो, तिथून बाहेर पडलेले बरे.

आणि हे सगळे ग्रहणामुळे होत नाही. गरोदरपणात आईने ग्रहण पाळले नाही, सुरी हातात धरली, म्हणून डाग आला, असे आजही घराघरांत बोलले जाते. पोर्ट-वाइन स्टेनचे मूळ जीएनएक्यू या जनुकातल्या एका बदलात असल्याचे २०१३ मध्ये सिद्ध झाले. गर्भ वाढत असताना काही पेशींत हा बदल योगायोगाने घडतो. तो आई-वडिलांकडून येत नाही आणि आईच्या कोणत्याही वागण्याने होत नाही. डागापेक्षा या दोषारोपानेच अनेक आयांचे अधिक नुकसान केले आहे.

हिमँजिओमात क्रम उलटा कसा?

फ्रान्समधील बोर्डो येथील डॉक्टर क्रिस्टिन लेओते-लाब्रेझ आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केले. हृदयाच्या तक्रारीसाठी प्रोप्रानोलोल दिलेल्या बाळांचा हिमँजिओमा झपाट्याने आकसला होता. त्यानंतर या विकाराच्या उपचाराची दिशाच बदलली. २०१४ मध्ये अमेरिकेत या कारणासाठी प्रोप्रानोलोलच्या द्रवरूप औषधाला मान्यता मिळाली.

याच गटातले टिमोलोल हे औषध काचबिंदूसाठी डोळ्यांत घालतात. लहान, पातळ आणि वरवरच्या हिमँजिओमावर त्याचे थेंब किंवा जेल त्वचेवर लावले जाते. म्हणजे इथे औषध आघाडीवर आहे. पल्स्ड डाय लेझर प्रामुख्याने नंतर येतो, गाठ ओसरल्यावर उरलेली लाली आणि बारीक वाहिन्या घालवण्यासाठी. जखम झालेल्या गाठीत किंवा औषध पुरेसे पडत नसेल तिथे तो आधीही वापरला जातो, पण तो निर्णय तज्ज्ञांचा.

‘थेंबच तर आहेत’ म्हणून घरी प्रयोग करणे मात्र धोक्याचे. बाळाच्या त्वचेतून, विशेषतः जखमेतून, टिमोलोल रक्तात जाऊ शकते. नाडी मंदावणे, साखर कमी होणे हे या गटातल्या औषधांचे ज्ञात दुष्परिणाम आहेत.

सगळ्यात महत्त्वाची वेळ. हिमँजिओमा सर्वात वेगाने वाढतो तो पहिल्या ते तिसऱ्या महिन्यात. पाचव्या महिन्यापर्यंत बहुतेक वाढ झालेली असते. ‘आपोआप जाईल’ म्हणून थांबणे बऱ्याच बाळांत चालते. डोळा, नाक, ओठ किंवा लंगोटाच्या जागी असलेल्या गाठीत मात्र हीच वाट पाहणे महागात पडते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत धोक्याचे हिमँजिओमा बाळ महिन्याचे असतानाच तज्ज्ञांना दाखवावेत, असे म्हटले आहे.

वेळापत्रक चुकले तर काय होते?

लेझर आणि मलम एकमेकांना मदत करतात, तसे एकमेकांचे काम बिघडवूही शकतात. लेझरचे लक्ष्य रक्त आहे. सिटिंगला येण्याआधी वाहिन्या आकुंचित करणारे जेल लावले, तर लक्ष्यच कमी होते. झोत सुटतो, पैसे भरले जातात आणि परिणाम उणा पडतो. म्हणून असे जेल लेझरच्या दिवशी लावायचे की नाही, हे डॉक्टरांनी आधी ठरवून द्यायला हवे. काही तज्ज्ञ याचा उलट उपयोग करतात. जेलने पसरलेली लाली घालवली की न आकसणाऱ्या वाहिन्या स्पष्ट दिसतात आणि नेम धरणे सोपे होते.

रेटिनॉइडची क्रीम त्वचा नाजूक करतात, ती काही दिवस आधी थांबवण्याची सूचना बहुधा दिली जाते. बधिर करणाऱ्या मलमाबद्दल तर कमालीची बेफिकिरी दिसते. लेझरआधी मोठ्या भागावर जाड थर लावून वर प्लास्टिक गुंडाळल्याने औषध रक्तात जाऊन मृत्यू ओढवल्याच्या घटना अमेरिकेत घडल्या आणि २००७ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाला जाहीर इशारा द्यावा लागला. लहान बाळांत काही बधिर करणाऱ्या मलमांमुळे रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटू शकते. ‘घरूनच लावून या’ हा सल्ला किती भागावर, किती वेळ, हे न सांगता दिला जात असेल, तर तो सल्ला नाही.

पल्स्ड डाय लेझरनंतर त्वचेवर जांभळे डाग पडतात आणि ते आठवडा-दोन आठवडे राहू शकतात. लग्नाच्या आदल्या आठवड्यात सिटिंग घेणाऱ्याला हे आधी सांगितलेले असावे.

आपल्या त्वचेसाठी वेगळे नियम का?

लेझरचा बराचसा अभ्यास गोऱ्या त्वचेवर झाला. आपल्या त्वचेत मेलॅनिन जास्त असते आणि तेही हाच प्रकाश शोषते. झोत वाहिनीपर्यंत पोहोचण्याआधीच त्याचा काही भाग वरच्या थरात अडतो. परिणाम कमी आणि भाजण्याचा धोका जास्त, असा दुहेरी तोटा होतो. त्यानंतर काळे डाग उमटले, तर लाल डाग घालवायला गेलेली व्यक्ती दुसराच डाग घेऊन परतते.

यावर उपाय आहेत. कमी ऊर्जा, नीट थंड करणे, छोट्या भागावर चाचणी, दोन सिटिंगमध्ये पुरेसे अंतर. १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर मेलॅनिनला कमी धक्का लावतो आणि खोल जातो. पण रक्तही तो कमी शोषते, म्हणून ऊर्जा खूप वाढवावी लागते आणि चुकीला जागा कमी उरते. ‘आयपीएल’ हा तर लेझरच नाही, तो गाळणी लावलेला तीव्र प्रकाशाचा झोत आहे. तज्ज्ञांच्या हाती तो रोझेशियात उपयोगी पडतो, पण लेझर म्हणून विकणे दिशाभूल आहे. केस काढण्याचे लेझर तर मेलॅनिन शोधण्यासाठीच बनलेले असतात. एकाच यंत्रावर सगळे उपचार, असे सांगणाऱ्या ठिकाणी म्हणून जपून राहावे.

या सगळ्यात सनस्क्रीन हे सर्वात स्वस्त आणि सर्वात दुर्लक्षित मलम. लेझरच्या आधी आणि नंतर ते नसेल, तर महाग यंत्रही हात टेकते.

लाली मलमामुळेच आली असेल तर?

आपल्याकडे लाल चेहऱ्यामागे एक कारण इतके सर्रास आहे, की भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी त्याला स्वतंत्र नाव दिले. ‘टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस’, म्हणजे स्टेरॉइडच्या मलमाने बिघडलेला चेहरा. गोरेपणासाठी, मुरुमांसाठी किंवा खाजेसाठी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेतलेली मलमे यामागे असतात. बऱ्याच मलमांत स्टेरॉइडसोबत अँटिबायोटिक, बुरशीनाशक किंवा रंग उजळवणारे घटक मिसळलेले असतात. सुरुवातीला चेहरा नितळ दिसतो. महिनोन्महिने वापरल्यावर त्वचा पातळ होते, केशवाहिन्या उघड्या दिसतात, पुरळ आणि लव वाढते. मलम बंद केले की आग होते, म्हणून पुन्हा तेच लावले जाते.

अशा चेहऱ्यावर लेझर मारून वाहिन्या काही काळ बंद होतील. स्टेरॉइड चालूच असेल, तर त्या पुन्हा येतील. इथे पहिला उपचार स्टेरॉइड सोडवण्याचा, तोही देखरेखीखाली. त्वचा सावरल्यावर लेझरचा विचार. त्वचारोगतज्ज्ञांच्या ‘आयएडीव्हीएल’ या संघटनेने या गैरवापराविरुद्ध मोहीम चालवली. केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये १४ स्टेरॉइडच्या मलमांची चिठ्ठीशिवाय होणारी विक्री बंद केली. तरीही कोपऱ्यावरच्या दुकानात नाव सांगून ट्यूब मिळणे थांबलेले नाही. लेझरच्या पॅकेजमध्ये ‘खास क्रीम’ म्हणून नाव नसलेली डबी हातात दिली जात असेल, तर ती परत करावी. ट्यूबवर घटक छापलेले असणे हा रुग्णाचा हक्क आहे.

पैसे भरण्याआधी काय विचारावे?

१. निदान काय आहे? ते कागदावर लिहून मिळेल का?
२. यंत्र कोणते, तरंगलांबी किती? प्रत्यक्ष झोत कोण मारणार, डॉक्टर की सहायक?
३. मलमातला घटक कोणता? तो कशासाठी आणि किती दिवस? लेझरच्या दिवशी लावायचा की नाही?
४. या जोडीचा फायदा माझ्या विकारात सिद्ध आहे, की हा प्रयत्न आहे?
५. किती टक्के नाही, तर काय उरेल? डाग पुन्हा गडद झाला तर पुढे काय?
६. आधी छोट्या भागावर चाचणी होईल का?
७. पैसे प्रत्येक सिटिंगला भरता येतील का?

शेवटचा प्रश्न सर्वात साधा आणि सर्वात उपयोगी. आधीच सहा सिटिंगचे पैसे घेतले की तिसऱ्या सिटिंगनंतर थांबणे योग्य असले, तरी थांबवले जात नाही.

विमा आणि सरकार कुठे आहेत?

आरोग्य विम्याच्या २०१९ मध्ये प्रमाणित केलेल्या अटींत ‘दिसणे बदलण्यासाठीचे उपचार’ वगळलेले आहेत. अपवाद अपघात, भाजणे, कर्करोग किंवा तातडीचा धोका यांचा. जन्मजात विकाराचा उल्लेख या अपवादांत नाही. उलट २०१७ च्या जीएसटीच्या अधिसूचनेत सौंदर्य शस्त्रक्रिया करमाफ आरोग्यसेवेतून वगळताना जन्मजात दोषांच्या दुरुस्तीला मात्र स्पष्ट सूट आहे. म्हणजे कर खात्याला जन्मजात दोषाची दुरुस्ती हा उपचार वाटतो आणि विम्याच्या अटींना ती हौस वाटू शकते. वयासोबत जाड होणारा, प्रसंगी रक्तस्राव होणारा, शाळेत मुलाला एकटे पाडणारा डाग ही हौस नव्हे. विमा नियामकाने अपवादांच्या यादीत जन्मजात विकार घालायला हवेत.

हिमँजिओमात तर यापेक्षा स्वस्त संधी हातात आहे. नवजात बाळाच्या घरी आशा कार्यकर्ती पहिल्या सहा आठवड्यांत ठरलेल्या दिवशी भेटी देते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात दोषांची तपासणीही होते. पण त्या यादीत दुभंगलेला ओठ आहे, वाकडे पाऊल आहे, रक्तवाहिन्यांच्या खुणा नाहीत. आशाताईंच्या भेटी आणि हिमँजिओमा वाढण्याचा काळ नेमका जुळतो. ‘डोळ्याजवळ, ओठावर, लंगोटाच्या जागी वाढणारा लाल डाग दिसला की लगेच पाठवा, कपाळावर-पापणीवर जांभळट डाग असेल तर डोळे तपासा’ एवढे दोन नियम तक्त्यात आणि मोबाइलवरच्या फोटोसह आले, तरी फरक पडेल. प्रोप्रानोलोल आणि टिमोलोल ही जुनी, जेनेरिक स्वरूपात मिळणारी औषधे आहेत. वेळेवर दिली तर अनेक बाळांना पुढे लेझरची गरजच भासणार नाही.

पल्स्ड डाय लेझरचे यंत्र महाग, त्याचा डाय ठरावीक काळाने बदलावा लागतो. ते प्रत्येक जिल्ह्यात असावे, ही मागणी अवास्तव ठरेल. पण राज्यातल्या मोठ्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत ते असावे आणि जिल्ह्यातून तिथे पाठवण्याची वाट आखलेली असावी, ही मागणी वाजवी आहे. तोवर जाहिरातीतल्या सवलतीची मुदत संपेल या भीतीने निर्णय घेऊ नये. मोठ्यांचा लाल डाग निदानासाठी आठवडाभर थांबू शकतो. थांबू शकत नाही ते महिन्याभराचे बाळ. त्याला मात्र आजच दाखवावे.